दुकान नाही, म्हणून दर नाही?

"ताई, तुम्ही घरी येऊन करता ना? मग पार्लरपेक्षा कमीच घेत असाल की!"

सकाळी साडेआठची वेळ. मुलीचा डबा भरायचा राहिलेला, तव्यावर पोळी आणि कानाशी हा फोन. ओळख ना देख, कुणीतरी नंबर दिलेला. मी म्हटलं, "नाही हो, घरी येऊन करते म्हणूनच पार्लरपेक्षा थोडं जास्त घेते." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "असं कसं? तुम्हाला भाडं नाही, लाइटबिल नाही. लाइट तर आमचीच वापरणार की!" आणि फोन बंद. इकडे पोळी करपली ती करपलीच.

मैत्रिणींनो, लाइट त्यांचीच वापरते हे अगदी खरं. बारावीतल्या माझ्या लेकीकडून मी त्याचा हिशोबसुद्धा करून घेतला. जेल पॉलिश वाळवायचा माझा दिवा आहे ४८ वॉटचा. एका गिऱ्हाइकाला तो सगळा मिळून वीसेक मिनिटं चालतो. एका युनिटचा साठावा भागही धड होत नाही. म्हणजे पंधरा-वीस पैसे! एवढी वीज मी लोकांच्या घरून फुकट घेऊन येते बरं का.

चेष्टा सोडा. पण हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो, आणि विचारणाऱ्या सगळ्या बायकाच असतात. म्हणून आज त्यावर लिहायचं ठरवलं.

मी कराडची. घरोघरी जाऊन नखांची कामं करते. नेल एक्स्टेंशन, जेल पॉलिश, मॅनिक्युअर, पेडिक्युअर आणि लग्नसराईत नवरीची नखं. मेहंदीवाली, ब्लाउजवाली, तशी मी 'नखवाली'. पूर्वी मंगळवार पेठेत एका गाळ्यात माझं छोटंसं पार्लर होतं. भुवया, फेशियल, केस, सगळंच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शटर खाली आलं. गाळ्याचं भाडं मात्र चालूच. चार महिने कसेबसे भरले, मग खुर्ची, आरसा विकून गाळा सोडला. नंतर एका ओळखीच्या वहिनींनी घरी बोलावलं, त्यांच्या जावेनं बोलावलं आणि स्कूटीच्या पुढ्यात बॅग ठेवून जे फिरायला लागले ते आजतागायत. नखांचं काम मी पुण्याला जाऊन शिकले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "नखं वाढवायला पैसे देतं का कुणी? उलट कापायला सांगतात." गंमत म्हणजे त्यांचं दुसरं वाक्य पुढे खरं ठरलं. त्याविषयी पुढे सांगते.

आधी तो हिशोब मांडू द्या, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

समजा मसूरहून बोलावणं आलं. एक्स्टेंशनचे मी ९०० रुपये सांगितले. टिप्स, प्रायमर, जेल, टॉप कोट, हातमोजे, मास्क, अॅसिटोन आणि त्या बाईपुरती वापरून टाकून द्यायची फाइल आणि बफर, हे सगळं मिळून १७० रुपयांचं सामान जातं. जाऊन-येऊन पेट्रोल ८० रुपयांचं. दिवा, मशीन, स्कूटीची झीज पन्नास धरा. उरले सहाशे. ऐकायला बरे वाटतात. आता वेळ मोजा. जायला-यायला सव्वा तास, कामाला सव्वादोन तास, आणि घरी आल्यावर हत्यारं साबणानं घासून, जंतुनाशकात बुडवून, कोरडी करून ठेवायला अर्धा तास. झाले चार तास. म्हणजे तासाला दीडशे. त्यात बाई म्हणाल्या, "सातशे घ्या की, पुढच्या वेळी मैत्रिणी आणते," की तेच तासाला शंभरावर येतं. आणि ही झाली काम असलेल्या दिवसाची गोष्ट. पितृपंधरवड्यात फोन वाजत नाही, भर पावसाळ्यात बोलावलेलं रद्द होतं. आजारी पडले तर माझ्या जागी दुसरं कोणी नाही.

पार्लरवाली एकीचं काम करताना दुसरीला बाकावर बसवून ठेवू शकते. एकीचं फेशियल वाळेपर्यंत दुसरीच्या भुवया उरकते. मला ती सोय नाही. मी एका वेळी एकाच घरात, एकाच हातापुढे बसलेली. गाळ्याचं भाडं मी देत नाही हे खरं, पण ते भाडं मी रस्त्याला देते. कोल्हापूर नाक्यावरच्या गर्दीत अर्धा तास अडकलेला वेळ कुणाच्या बिलात लिहायचा?

आणि वाचलेल्या वेळेचं काय? तुमच्या हो! लेकरू झोपलंय, कुकर लावलाय, सासऱ्यांना औषध द्यायचंय आणि मधल्या वेळेत तुमची नखं होतात. तयार होणं नाही, रिक्षा नाही, पार्लरमध्ये ताटकळणं नाही. ही सोय तुम्ही विकत घेताय. सोय विकत घेताना जास्त मोजायचं असतं, कमी नाही. गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर आणून देणाऱ्याला आपण वर दहा-वीस देतोच ना? मग बॅग घेऊन तिसरा मजला चढलेल्या बाईलाच "घरी आलीस, आता कमी कर" असं का?

लग्नघरातला किस्सा सांगते. गेल्या वर्षी विद्यानगरच्या एका घरी नवरी आणि तिच्या तिघी बहिणी, असं चौघींचं ठरलं होतं. नवरीची हळद झाल्यावरच मी जाते. आधी केलं तर हळदीनं फिकट नखं पिवळी पडतात आणि खापर आपल्यावर फुटतं. दुपारी दोनला बसले. पाच वाजता तिसरी बहीण होत आली, तेवढ्यात मागून एक काकू, "बाई, माझ्या पण दोन बोटांना जरा रंग लाव." मग आत्या. मग आत्यांची सून. मग शाळेतल्या दोन मुली, त्यांना नखांवर फुलं हवीत. प्रत्येक जण म्हणते 'जरा'. ह्या 'जरा' शब्दानं माझं आयुष्य खाल्लंय! रात्री साडेनऊला उठले तेव्हा नऊ जणींचे हात झाले होते. मध्ये लाइट गेली. माझा दिवा चार्जिंगचा होता म्हणून निभावलं, नाहीतर ओलं जेल बोटांवर तसंच. पैसे विचारले तर घरातले मोठे म्हणाले, "चौघींचंच ठरलं होतं ना? बाकीच्यांचं काय, नुसता रंग तर लावला. लग्नघर आहे, जेवून जा." जेवायला खरंच चांगलं होतं, जिलेबी वाढली. मी हसून जेवले, चौघींचे पैसे घेतले आणि निघाले. पूल ओलांडताना वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं की दुसऱ्या कशानं, मला कळलं नाही.

घरी लेक जागी होती. तिनं वहीत लिहिलं, 'नऊ जणी, चौघींचे पैसे.' आणि म्हणाली, "आई, तू बोलली का नाहीस?"

मी का बोलले नाही? खूप दिवस विचार केला. दुकानात असते तर बोलले असते. दुकानात भिंतीवर दर लावलेला असतो आणि भिंतीला लाज वाटत नाही. दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या सतरंजीवर बसून, त्यांचा चहा पिऊन पैशाचं बोलायला जीभ जड होते. घरात आलेली बाई एक तर पाहुणी, नाही तर कामवाली. तिसरी जागाच आपण ठेवलेली नाही.

पण खरं सांगू का, आपल्याकडे ती तिसरी जागा होती. माझ्या आजीच्या घरी कासारीणमावशी यायच्या. डोक्यावरची पेटी ओसरीवर उतरवायच्या, आधी पाणी, मग गूळ. संक्रांत, श्रावण, कुणाचं डोहाळजेवण असलं की त्यांना निरोप जायचा. काकूंचा हात हातात घेऊन, चार बोटं दुमडून, अंगठ्याची हाडं दाबून त्या अशा अलगद बांगड्या चढवायच्या की बघत राहावं. चढवताना बांगडी फुटली तर नुकसान त्यांचं, हे ठरलेलं. आणि भरून झाल्यावर आजी, काकू, आई, सगळ्या त्यांना वाकून नमस्कार करायच्या. पैशांची घासाघीस आजीही करायची, नाही असं नाही. पण ती नमस्काराच्या आधी. एकदा नमस्कार केला की विषय संपला. त्यांच्याकडे हुन्नर आहे, तो आपल्याला येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना कबूल होतं.

मीही हातच हातात घेते. मला काही नमस्कार नको. खुर्ची मिळाली तरी पुरे.

हसू नका. पेडिक्युअर म्हटलं की काही घरांत मला गोणपाट टाकून खाली बसायला सांगतात. एका ठिकाणी चहा आला तो सगळ्यांना कपबशीत, मला मात्र स्टीलच्या फुलपात्रातून. फुलपात्र कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं होतं. मला आडनाव विचारून झालं होतं आणि त्यावरून त्यांचा काहीतरी अंदाज झाला होता. पायाला हात लावणारी म्हणजे कोण असणार, हा तो अंदाज. मी चहा घेतला नाही. काम मात्र पूर्ण केलं, कारण एक पाय झाला होता. तेव्हापासून बॅगेबरोबर माझं घडीचं स्टूल असतं.

आता सासूबाईंचं ते वाक्य. नखं कापायला पैसे. माझ्या कामातला सगळ्यात जरुरीचा भाग कोणता म्हणाल? नवरीची चमकी? नाही. शनिवार पेठेतल्या ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींची पायाची नखं.

त्यांना वाकता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. नखं इतकी जाड आणि वळलेली की साध्या नेलकटरच्या तोंडात बसत नव्हती. मुलगा बंगळुरूला, सुनेला हात लावायची भीती, कारण आजींना साखरेचा आजार. पहिल्या वेळी मी पाय घेतला तर त्यांनी झटकन मागे ओढला. "अगं, दुसऱ्याच्या लेकीकडून पाय धुऊन घ्यायचे? पाप लागेल मला." मी म्हटलं, "आजी, मी पैसे घेणार आहे, पाप कसलं!" तेव्हा कुठे त्या हसल्या आणि पाय पुढे आला.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. पाणी गरम लागतंय हे त्यांना कळत नाही, म्हणून मी आधी माझं कोपर बुडवून बघते. पाय फार वेळ भिजवत नाही. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात खोल खुपसायचं नाही, नाहीतर ते मांसात वाढतं. कुरूप ब्लेडनं कोरायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि जखम, काळपटपणा, पू असं काही दिसलं तर हत्यार खाली ठेवून आजच्या आज डॉक्टर गाठायला सांगायचं. एकदा या आजींच्या करंगळीखाली फोड दिसला. आजींना पत्ताच नव्हता. सुनेला लगेच पाठवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

ह्या कामाचे मी दीडशे रुपये घेते. त्यातसुद्धा सूनबाई म्हणाल्या, "नखं कापायचे दीडशे?" त्यांचा राग येत नाही मला. त्या दिवसभर एकट्या सगळं करतात, त्यांच्या हातात मोजके पैसे. पण दोनच महिन्यांपूर्वी माझ्याकडून ह्याच घरातल्या लेकीनं हजाराची नखं करून घेतली, तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. दिसतं त्याला पैसे द्यायला आपण तयार असतो. पायाचं दुखणं पदराखाली झाकलं जातं आणि त्याचा दरही.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं, आणि ते फार महाग पडतं. एका बाईंच्या हाताच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड होऊन मुळापासून सुटत आलं होतं. त्यांना त्यावर एक्स्टेंशन हवं होतं, चार दिवसांवर भाच्याचं लग्न. मी म्हटलं, "काकू, ही बुरशी वाटते. वरून झाकलं तर आत वाढेल. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा." त्या म्हणाल्या, "तुला नखं येतात की नाही? डॉक्टरकी नको सांगूस." मी केलं नाही. त्यांनी दुसरीकडून करून घेतलं आणि त्यांच्या नात्यातल्या पाच-सहा घरांतून माझं नाव गेलं ते गेलंच. त्या अंगठ्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष. चार दिवसांच्या लग्नासाठी एवढं पणाला लावायचं नसतं, एवढंच मला कळतं.

तसंच स्वस्त जेलचं. "ऑनलाइन शंभराला बाटली मिळते, तुम्ही एवढे कसले घेता?" बाटली मिळते हो, पण आत काय आहे हे वाचायला तिच्यावर नीट लेबलही नसतं. जेल कच्चं राहिलं आणि कातडीला लागत राहिलं तर अॅलर्जी होते. ती एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. पुढे दातांच्या कामात तसलीच रसायनं वापरतात, तिथेही त्रास होऊ शकतो. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधल्या टीपीओ नावाच्या एका घटकावर बंदीही आली. मी बाटली घेताना भिंग लावून घटक वाचते. माझ्या दरात ते वाचणंही धरलेलं आहे. आणि हो, जेल निघायला लागलं की दातांनी सोलू नका गं! वरचा नखाचा पापुद्रा त्याबरोबर निघतो. मला बोलवायचं नसेल तर नका बोलवू, पण सोलू नका.

दार उघडणाऱ्या पुरुषांबद्दल थोडक्यात सांगते. नवीन घर असेल तर मी आधी बाईंशीच फोनवर बोलते, लेकीला पत्ता पाठवते. एकदा मलकापूरला दार उघडलं ते एकट्या पुरुषानं. "ती येईलच, बसा ना." मी उंबऱ्यावरूनच फिरले. पन्नास रुपयांचं पेट्रोल आणि दुपार गेली. हा धोकाही कुठल्याच रेटकार्डावर लिहिलेला नसतो.

मोठ्या शहरांत हे काम आता मोबाइलच्या अॅपवरून चालतं. तिथे दर ठरलेला असतो, घासाघीस नाही. पण म्हणून तिथल्या बायका सुखात आहेत असं समजू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये अशाच घरपोच काम करणाऱ्या ब्युटिशियन बायका कंपनीच्या ऑफिसबाहेर निदर्शनं करायला बसल्या होत्या. कापलं जाणारं कमिशन आणि दंड, ही तक्रार. इकडे माझं कमिशन कुणी कापत नाही, पण गिऱ्हाईक कापतं. आणि मीही माझी मीच कापते, न बोलून.

मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका आपल्या स्वयंपाकघरात गिरणी कामगारांना डबे, जेवण घालायच्या. त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं, 'घरात बसून चार पोळ्या जास्त लाटते' म्हणत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि कागदावर त्या उद्योजक झाल्या. मला हे आठवलं ते मी स्वतः कर्जाला गेले तेव्हा. काउंटरवरच्या साहेबांचा पहिला प्रश्न, "दुकान कुठाय?" मी बॅग दाखवली. ते हसले. मी घरी आले आणि लेकीला घेऊन उद्यमची नोंदणी केली. ती सरकारच्या वेबसाइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जुलै २०२० पासून ही सोय आहे. त्यात धंद्याचा पत्ता म्हणून घराचा पत्ता चालतो. तो कागद, दोन वर्षांच्या वह्या आणि मोबाइलवर आलेल्या पैशांचा हिशोब घेऊन परत गेले. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज विनातारण ५० हजारांपर्यंत असतं. मला ४० मिळाले. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी 'घरी जाऊन नखांची सेवा' असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, ह्या वेळी हसले नाहीत.

त्या विद्यानगरच्या लग्नानंतर लेकीनं रेटकार्ड तयार केलं. ठळक अक्षरांत. गावात येण्याचे पन्नास, गावाबाहेर शंभर. नाव नोंदवताना दोनशे आगाऊ, आयत्या वेळी रद्द केलं तर परत नाहीत. जास्तीची माणसं आदल्या दिवशी सांगावीत, त्यांचा दर वेगळा. तळाशी तिनं आपल्या मनानं लिहिलं, 'जरा' केले जाणार नाही. ते मी खोडायला लावलं.

परिणाम काय झाला? चाळीसेक कायमच्या गिऱ्हाइकांतल्या तेरा जणी सुटल्या. पहिल्या महिन्यात तीन हजार कमी आले. हे म्हणाले, "बघ, ताठा परवडतो का." दोन रात्री झोप लागली नाही, पुढच्या महिन्यात लेकीच्या क्लासचा हप्ता होता. तिसऱ्या महिन्यापासून रक्कम पूर्वीएवढी झाली, पण फेऱ्या कमी झाल्या. संध्याकाळी सहाला घरी असते. सुटलेल्यांतल्या दोघी परत आल्या. बाकीच्या आल्या नाहीत, कदाचित येणारही नाहीत.

एक मात्र मला सांगितलंच पाहिजे, कारण हे लिहिताना टोचतंय. घासाघीस करणाऱ्या सगळ्या सारख्या नसतात. एक वहिनी डाळीच्या डब्यातून पैसे काढून देतात, दहा-दहाच्या नोटा, आणि म्हणतात, "ह्यांना सांगू नका हं." त्यांच्यापुढे रेटकार्ड धरायला माझा हात धजावत नाही. त्यांच्याकडून मी येण्याचे पैसे घेत नाही, हे लेकीलाही माहीत नाही. आता कळेल! ज्यांच्या अंगणात दोन गाड्या आहेत त्या शंभर रुपयांसाठी जास्त वेळ बोलतात, हा माझा अनुभव.

आणि परवा आमच्या दारात भाजीवाल्या मावशी आल्या. ओगलेवाडीहून पाटी घेऊन येतात. मेथी वीसला जुडी. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मंडईत पंधराला आहे की, घरी येताय तर कमी करा."

मावशींनी पाटी खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ सोडून तिनं घाम पुसला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी वीस दिले. पाणी विचारलं. त्या म्हणाल्या, "खुर्ची दे आधी."

येत्या गुरुवारी मसूरला जायचंय. चौघींची नावं घेऊन ठेवलीत, आगाऊ पैसेही आलेत. निरोपात शेवटी लिहिलंय, 'आमच्या जाऊबाई पण आहेत, त्यांचं जरा बघा.' मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.